कुलपाचं पॅकेज

“कुलपाचं पॅकेज लावण्या करेल,” देगावकर सर म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

मी पुढच्याच खुर्चीवर बसलो होतो. फळ्याच्या डाव्या बाजूला पॅकेजांची यादी होती, उजवीकडे ती करणाऱ्यांची नावं भरत होती. कुलपाच्या पॅकेजसमोर माझंच नाव येणार याची मला इतकी खात्री होती की ‘हो सर, करतो’ हे मी ओठांवर तयार ठेवलं होतं. ते तसंच गिळलं.

“राजशेखर, तू तपासून दे,” सर खडू ठेवत म्हणाले. “मशीन तुझ्याकडेच आहेत.”

“हो सर,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

हा १९९९ चा नोव्हेंबर. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो. दर शनिवारी दुपारी तिथे आमचं लिनक्स मंडळ भरायचं. सात-आठ जण, एक फळा, एक टेलिफोन लाइन आणि देगावकर सर. लिनक्ससारखी, कुणालाही उघडून बघता येतील, दुरुस्त करता येतील अशी फुकट सॉफ्टवेअर आम्ही जगभरातून गोळा करायचो, ती आपल्याकडच्या मशीनवर एका आज्ञेत बसतील अशी नीट बांधायचो आणि एका सीडीवर घालून जिल्ह्यातल्या कॉलेजांना वाटायचो. या बांधलेल्या गाठोड्याला पॅकेज म्हणायचं. सीडीला सरांनी ‘बाराबंदी’ असं नाव दिलं होतं, संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वराच्या यात्रेत मानकरी घालतात त्या अंगरख्यावरून. आमची नवी सीडीही दरवर्षी त्या गड्ड्याच्या यात्रेतच निघायची.

मंडळाचे नियम दोनच होते. प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एकाच माणसाची, त्याला आम्ही पालक म्हणायचो. आणि पालकाने केलेलं पॅकेज दुसऱ्या कुणीतरी दोन मशीनवर बसवून बघितल्याशिवाय सीडीवर जायचं नाही.

वेब सर्व्हर मागची दोन वर्षं माझ्याकडे होता. पण तो उघडा सर्व्हर. ब्राउझरमधून पाठवलेला मजकूर वाटेत कुणीही वाचावा असा. त्याला कुलूप लावायचं साधन तिकडच्या कायद्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्या सीड्यांवर नसायचं. ते युरोपातून वेगळं उतरवायचं, सर्व्हरला जोडायचं आणि दोन्ही मिळून एक पॅकेज बांधायचं, असं सगळं किचकट काम होतं. त्या वर्षी अख्खं मंडळ त्याच पॅकेजकडे डोळे लावून होतं. त्यात सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर मंडळ कुणाच्या हाती जायचं हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, तरी हे पॅकेज ज्याचं, त्याचंच मंडळ, असं सगळे धरून चालले होते. मी तर नक्कीच धरून चाललो होतो.

आणि सरांनी ते लावण्या येमुलला दिलं. मंडळात येऊन तिला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. एका खासगी क्लासमध्ये ती मुलांना टायपिंग आणि बेसिक भाषेतलं प्रोग्रामिंग शिकवायची. घर पूर्व भागात, वडील चादरीच्या मागावर. दोन वेण्या घालून यायची, कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर बसायची आणि बोलायची फारच थोडं. अशी माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत. आपण बडबड करत राहतो आणि ती ऐकून घेऊन पुढे जातात.

पुढच्या बुधवारी ती लॅबमध्ये आली.

“अण्णा, एक विचारू का ओ?”

तिने अण्णा म्हटलेलं मला खपायचं नाही. तिच्याहून मी जेमतेम चार वर्षांनी मोठा होतो.

“विचार.”

“सर्व्हर आणि कुलपाचा भाग, दोन्ही एकमेकाला ओळखंनात. तुम्ही मागच्या वर्षी सर्व्हर बांधला होता ना? सुरुवातीला काय काय बदलला होता?”

मला ते नीट आठवत होतं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं, आणि वही टेबलाच्या खणात होती.

“सोबतची माहिती वाच. सगळं लिहिलंय त्यात,” मी म्हणालो.

“तीनदा वाचले की.”

“मग चौथ्यांदा वाच.”

ती खरंच वाचायला गेली. तोंड वाकडं केलं नाही, काही नाही. तिने चिडून दोन शब्द सुनावले असते तर मला किती बरं वाटलं असतं!

शनिवारी ती आली तेव्हा दोन्ही भाग एकमेकांना ओळखत होते. कुलपाचा भाग लिहिणाऱ्या जर्मन माणसाला तिने ईमेलने पत्र पाठवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं उत्तर आलं होतं. सरांनी ते उत्तर छापून सगळ्यांना वाचायला दिलं. वर स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘डिअर लावण्या’.

हे वाचून मला इतकं का लागलं ते सांगतो. मागच्या वर्षी याच माणसाला मीही पत्र पाठवलं होतं. रोज ईमेल बघत मी महिनाभर थांबलो होतो, पण त्याने एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं.

“तू काय लिहिलं होतंस त्याला?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने पत्र दाखवलं. सगळं मिळून सहा ओळी होत्या. मी हे केलं, हे दिसलं, हे करून बघितलं, तरी असं होतंय, कुठे बघू? बस. माझ्या पत्रातले पहिले दोन परिच्छेद मी कोण आणि सोलापुरात लिनक्ससाठी मी काय काय केलं याबद्दल होते.

“वा,” सर तिला म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी मला ‘ठीक’, ‘चालेल’, ‘बरं झालं’ सगळं म्हटलं होतं. वा म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. ती लवकर आली तर वाटायचं, सरांना दाखवायला आली. उशिरा आली तर वाटायचं, आता हिला आमची काय पत्रास! डबा आणायची त्यात शेंगाचटणी असायची, कडक भाकरी असायची. सगळ्यांना द्यायची, मलाही द्यायची. मी पोट भरलंय म्हणून सांगायचो आणि उपाशी बसायचो. सर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले की मी तिथून कितीही लांब असलो तरी त्यांच्या पाठीवर डोळे ठेवून मोजत राहायचो, किती मिनिटं उभे राहिले, काय म्हणाले, हसले का. प्रेमात पडलेल्या माणसाने एवढं लक्ष दिलं नसतं.

डिसेंबरच्या शेवटी तिने पॅकेज पुरं केलं. तेव्हा सगळं जग दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार या भीतीत होतं. कॉलेजनेही सुट्टीत मला कामावर बोलावलं होतं. गुरुवारी दुपारी लॅबमध्ये मी एकटा होतो. लावण्याचं पॅकेज मी पहिल्या मशीनवर बसवलं. मुकाट्याने बसलं. ब्राउझर उघडला, कोपऱ्यात कुलपाचं चित्र आलं. दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथेही कुलूप आलं. काम फार सुबक होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. कुठे काहीतरी सापडेल म्हणून मी एकेक गोष्ट उघडून बघत गेलो.

चार वाजायच्या सुमारास सापडलं.

अशा सर्व्हरची प्रत्येकाची स्वतःची किल्ली असते आणि किल्लीचा एक ठसा असतो, आकडे-अक्षरांची लांब ओळ. दोन मशीनचे ठसे मी शेजारी-शेजारी ठेवले. ते एकच होते, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. किल्ली खरं तर ज्या त्या मशीनवर, पॅकेज बसवताना तयार व्हायला हवी. लावण्याने ती पॅकेज बांधताना स्वतःच्या मशीनवर तयार केली होती आणि ती तशीच गाठोड्यात गेली होती. बसवताना पॅकेज बघायचं, किल्ली आहे का? आहे. मग नवी कशाला करायची? म्हणजे आमच्या सीडीवरून जेवढे सर्व्हर उभे राहतील तेवढ्या सगळ्यांना एकच किल्ली बसणार. आणि ज्याच्या हातात सीडी, त्याला सगळी कुलपं उघडणार. एका मशीनवर बघून हे कुणालाच दिसलं नसतं. ते दिसावं म्हणून तर दोन मशीनचा नियम होता.

मला आनंद झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. इतक्या दिवसांनी मला भूक लागली. मी खाली जाऊन दोन भजी-पाव खाल्ले, वर आलो आणि चूक दुरुस्त केली. सात ओळींचं काम होतं. त्याचा पॅच काढला, म्हणजे मूळ फाइलमधली कुठली ओळ काढायची आणि कुठली घालायची एवढंच सांगणारी छोटी फाइल. तो लावून पुन्हा दोन्ही मशीनवर पॅकेज बसवलं. ठसे वेगळे आले. पॅच मी माझ्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

पाचच्या सुमारास लावण्याचा फोन आला. त्यांच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवरून करायची. मागे मागांचा खटखटाट ऐकू येत होता.

“अण्णा, बसवून बघितला का ओ?”

“बघितलं.”

“दोन्हीवर?”

“दोन्हीवर.”

“कायतरी निघालं का?”

फोनची तार मी बोटाला गुंडाळत होतो. “नाही. चालतंय,” मी म्हणालो.

“बरं झालं बाई!” ती मोकळेपणाने हसली. “तुम्ही बघितला म्हणजे मला आता घोर नाही.”

मी काही तिचं वाटोळं करायला निघालो नव्हतो. मनात हिशेब साधा होता. सीडी निघू दे, चार कौतुकं होऊ देत, आठवड्याभराने मी म्हणेन, अरेच्चा, हे काय? आणि सगळ्यांना कळेल की कुलपाचं काम खरं कुणाला समजतं. सीडी निघायच्या आधी सांगितलं असतं तर ती नुसती एक किरकोळ दुरुस्ती झाली असती, आणि पॅकेज तिचं ते तिचंच राहिलं असतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सीडी निघाली. चौदा कॉलेजांची माणसं आली होती. सरांनी लावण्याला उभं केलं, तिने पाच मिनिटांत पॅकेज समजावून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हाताला हात लागतील न लागतील अशा बेताने. मग गर्दीतून एक बाई पुढे आल्या. डॉक्टर बिराजदार. शहरातली एक रक्तपेढी त्या चालवायच्या.

“आमच्या बार्शी आणि अक्कलकोटला शाखा आहेत,” त्या सरांना म्हणाल्या. “रक्तदात्यांचे रिपोर्ट इकडून तिकडे माणसाच्या हाती पाठवायला लागतात. तुमचं हे कुलूप आम्हाला चालंल का?”

“न चालायला काय झालं?” सर खुशीत होते. “आमच्या राजशेखर हत्तुऱ्यांनी तपासलंय. तो अवघड माणूस आहे. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.”

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “मग लावू ना?”

रक्तपेढी माझ्या हिशेबात नव्हती. कॉलेजांमध्ये फार तर सहामाहीचे मार्क असतात. मी सरांकडे बघितलं. सरांच्या शेजारी लावण्या उभी होती आणि तिच्या केसांत कुणीतरी आणलेला अबोलीचा गजरा होता.

“लावा,” मी म्हणालो.

आठवड्याचे दोन आठवडे झाले. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, अजून चार कॉलेजांनी लावलं तर सांगण्याला वजन येईल. मन किती खालच्या थराला जाऊ शकतं ते मी त्या दिवसांत आतून बघितलं, आणि बघूनही थांबलो नाही. चार फेब्रुवारीला सकाळी डॉक्टर बिराजदारांचा लॅबमध्ये फोन आला. त्यांना मंडळाचे आभार मानायचे होते.

“तिन्हीकडं सुरू झालंय बघा. आता सगळे रिपोर्ट त्यावरूनच जातेत. एचआयव्हीचे सुद्धा. माणूस पाठवायची कटकट गेली.”

मी फोन ठेवला. एखाद्या रक्तदात्याचं नाव, त्याच्यापुढे तो शब्द, आणि ‘बाराबंदी’ सीडी असलेलं कुणीही पोरगं ते वाचू शकणार. सोलापूर केवढंसं! घरात कळलं, गल्लीत कळलं तर त्या माणसाने कुठे जायचं?

कुलपातली खोट चव्हाट्यावर सांगायची नाही, आधी पालकाला गुपचूप कळवायची, अशी या कामातली जगभराची रीत आहे. पालक ती दुरुस्त करतो आणि मग सगळ्यांना सांगतो. तेव्हा मी लावण्याला ईमेल लिहिली. ‘आज सकाळी सहज पुन्हा बघत असताना एक गंभीर गोष्ट लक्षात आली. लगेच बसून दुरुस्ती केली आहे. पॅच सोबत जोडला आहे.’ आणि सरांना फोन करून तेवढंच तोंडी सांगितलं. इतका घाबरलो होतो तरी ‘आज सकाळी’ आणि ‘लगेच’ हे शब्द लिहायला विसरलो नाही.

दुपारपर्यंत लावण्याने नवं पॅकेज बांधून मंडळाच्या ईमेल यादीवर टाकलं. सोबत लिहिलं होतं, ‘आधीच्या पॅकेजमध्ये माझ्याकडून मोठी चूक झाली आहे. सगळ्या सर्व्हरची किल्ली एकच होते. ती चूक राजशेखर हत्तुरे यांनी शोधली आणि दुरुस्तीही त्यांनीच केली. खाली त्यांचा पॅच आहे. कृपया आजच नवं पॅकेज बसवा.’ चौदाही कॉलेजांकडून मला शाबासकीची पत्रं आली. संध्याकाळी सर स्वतः लॅबमध्ये आले.

“वा, राजशेखर!” ते म्हणाले. “निघालेल्या सीडीवरसुद्धा तू नजर ठेवून होतास. मार्चनंतरची मला आता काळजी नाही. मंडळ तू सांभाळ.”

म्हणजे जे हवं होतं ते सगळं मिळालं. खुर्ची, मंडळ आणि वा.

“रक्तपेढीच्या किल्ल्या मात्र तुम्ही दोघांनी जाऊन बदला,” सर म्हणाले. “फोनवर नको. ठसा समोर बसून जुळवून द्या. आणि तिथे मुकाट्याने काम करा, बाई घाबरायला नकोत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहरातली शाखा केली, मग बार्शी, आणि सोमवारी अक्कलकोट. एसटीत लावण्या खिडकीशी बसायची आणि बाहेर बघत राहायची. मी दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला.

“असं होतं गं. पहिल्या पॅकेजला कुणाच्याही हातून होतं.”

“व्हय,” ती म्हणायची.

तिचं मन मोठं की माझं, असा प्रश्न पडून मी आतल्या आत सुखावत होतो. चूक तिची, तिला धीर द्यायला मी. अक्कलकोटचं काम अकराला आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही स्टँडच्या कँटीनमध्ये बसलो. मी चहा सांगितला. लावण्याने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. माझा पॅच होता, छापलेला.

“फार सुटसुटीत केला आहे,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं असं झालं नसतं.”

“सात ओळी तर आहेत.”

“नऊ आहेत की ओ. वरच्या दोन तुम्ही मोजलाच नाही.”

मी वरच्या दोन ओळी बघितल्या. पॅच काढताना कॉम्प्युटर आपणहून वर दोन ओळी लिहितो. पहिलीत जुन्या फाइलचं नाव आणि तारीख, दुसरीत बदललेल्या फाइलचं नाव आणि ती कधी बदलली त्याची तारीख. शेकडो पॅच वाचलेला मी माणूस. त्या ओळी इतक्या नेहमीच्या की डोळ्यांना दिसेनाशा झालेल्या. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, गुरुवार, ३० डिसेंबर १९९९, चार वाजून चाळीस मिनिटं.

“त्या दिवशी पाच वाजता मी फोन केले होते,” लावण्या म्हणाली. “मी बूथवाल्याची पावतीसुद्धा बघितले. पाच वाजून दहा मिनिटं.”

चहा आला. पोऱ्या नाही, कँटीनचा मालकच घेऊन आला आणि टेबल पुसत बसला.

“सरांना सांगितलंस?” तो गेल्यावर मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. इतके दिवस ती माझ्याशी बोलताना मशीनकडे बघायची, तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितलं.

“तुम्ही पहिलं हे विचारला,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्या रिपोर्टांचं विचाराल. एकोणीस दिवसांत कुणी वाचलं असंल का म्हणून.”

मी पुन्हा कागदावरच्या तारखेकडे बघितलं.

“नाही सांगितले,” ती पुढे म्हणाली. “यादीवर टाकताना मी तारखा तेवढ्या पुसले. तारखा नसल्या तरी पॅच लागतोय.”

“का?” मी विचारलं. “माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठी कशाला ओ?” ती खरोखर चकित झाली. “डॉक्टरबाईंना कळलं असतं की मंडळातला एक माणूस महिनाभर जाणून गप बसला, तर त्या आपलं काही ठेवले असते का मशीनवर? परत कागद घेऊन माणूस फिरला असता. चौदा कॉलेजं पण सोडले असते. सरांनी एवढी वर्षं केलं ते सगळं गेलं असतं.”

“मग तू का चूक स्वतःच्या नावावर…”

“चूक माझीच आहे की. किल्ली मीच आत ठेवले, तुम्ही नाही ठेवला.” तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. “तुम्हाला पॅकेज पाहिजे होतं तर मला म्हणायचं होतं, अण्णा. मी दिले असते. मला नुसतं शिकायचं होतं.”

ही गोष्ट सांगताना मी काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगतो. त्या क्षणी मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी हेवा वाटला. दहा दिशांनी अडकलेल्या त्या भानगडीत तिने दोन तारखा पुसल्या आणि सगळं वाचवलं. मंडळ, रक्तपेढी, सर आणि जाता जाता मीही. माझ्या डोक्यात आलं, हे आपल्याला सुचलं नसतं. तिच्या जागी मी असतो तर तो कागद सरांच्या टेबलावर त्याच दुपारी पोचला असता.

“सरांना सांगायचं ते तुम्ही सांगा,” गाडीत चढताना ती म्हणाली. “नाही सांगितला तर ते तुमचं तुम्ही बघा. मी विचारणार नाही.”

तिने खरंच कधी विचारलं नाही. जूनमध्ये ती हैदराबादला नोकरीला गेली आणि पुढे तिकडेच मोठी झाली. मंडळ मी अकरा वर्षं चालवलं. चांगलं चालवलं, असं लोक म्हणतात. सरांना सांगायचं मी दर वर्षी ठरवत होतो.

चार वर्षांपूर्वी सरांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मंडळातले जुने सगळे आले होते. लावण्याही आली होती, नवरा आणि मुलीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. सरांना आता नीट दिसत नाही, पण आवाज खणखणीत आहे. त्यांनी माईक मागून घेतला आणि मला जवळ बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हा माझा हत्तुरे,” ते सांगायला लागले. “सगळ्यांनी टाळ्या वाजवून सीडी घरी नेली, तेव्हा हा एकटा मशीनपुढे बसून होता. ज्या दिवशी चूक दिसली, त्याच दिवशी याने सांगितली. चोवीस तास थांबला नाही. आजकालच्या पोरांना मी नेहमी याचं उदाहरण देतो.”

माईक माझ्या तोंडापासून हातभरसुद्धा लांब नव्हता. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मनात आलं, हिने नुसती मान खाली घातली तरी मी बोलेन. सगळं सांगून टाकेन.

लावण्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत जोरात. शेजारची तिची मुलगीही वाजवायला लागली आणि मग सगळा हॉल. तिच्या चेहऱ्यावर ना टोमणा होता, ना दया होती. सरांचा आनंद बघून ती मनापासून खूष झाली होती, एवढंच.

मी हात जोडले, सरांच्या पाया पडलो आणि माईकला हात न लावता खाली उतरलो. खुर्चीवर बसल्यावर मला कळलं की इतक्या वर्षांत माझ्यातलं ते अजून गेलेलं नाही. माझ्यासाठीच्या टाळ्या ऐकताना मला त्या वाजवणारीचा हेवा वाटत होता.